टीम-बेस्ड लर्निंग: काम वाटून घेता येऊ नये म्हणून

गटाला प्रकल्प दिला की विद्यार्थी तो आपसांत वाटून घेतात. एक जण प्रस्तावना लिहितो, दुसरी तक्ते करते आणि आदल्या रात्री कुणीतरी सगळं जोडतं. एकत्र शिकणं त्यात घडतच नाही. लॅरी मायकेलसन यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस ओक्लाहोमा विद्यापीठात घडवलेल्या टीम-बेस्ड लर्निंगचा भर नेमका इथे आहे: कामच असं द्यायचं की ते वाटता येऊ नये.

टीम ५ ते ७ जणांची ठेवा. ती तुम्हीच करा आणि सत्रभर बदलू नका. मित्रामित्रांच्या टीममध्ये बाहेरचा एखादा असला तर तो गप्प राहतो. वर्ग ६० जणांचा असेल तर विषयाचा पूर्वानुभव असलेल्यांना रांगेत पुढे उभं करा, म्हणजे ते सगळ्या टीममध्ये विखुरतील, आणि सगळ्या रांगेला १ ते १० अंक पुन्हापुन्हा मोजायला लावा. एकाच अंकाचे सहा जण म्हणजे एक टीम. निवड सगळ्यांसमोर झाली की पक्षपाताची शंका उरत नाही.

प्रत्येक घटकाचं वाचन घरी. वर्गात आल्यावर १० बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी आधी प्रत्येकाने एकट्याने सोडवायची. उत्तरपत्रिका गोळा करा, पण उत्तरं सांगू नका. लगेच तीच चाचणी टीमने स्क्रॅच कार्डवर (पर्यायावरचा थर खरवडला की उत्तर बरोबर की चूक ते लगेच कळतं) सोडवायची: पहिल्या प्रयत्नात बरोबर आलं तर ४ गुण, दुसऱ्यात २, तिसऱ्यात १. कार्ड नसेल तर चुकल्यावर पुन्हा प्रयत्न करू देणारी ऑनलाइन चाचणी चालते. एखादं उत्तर मान्य नसेल तर टीमने पुस्तक उघडून, पुराव्यासह लेखी अपील करावं. मान्य झालं तर गुण फक्त त्याच टीमला. उरलेल्या शंकांपुरतंच बोला. सगळा धडा इथे पुन्हा शिकवलात तर पुढच्या वेळी कुणी वाचून येणार नाही.

खरी मेहनत यानंतरच्या प्रश्नाला लागते. ‘धरणाच्या जागेचे निकष लिहा’ म्हटलं की यादी होते आणि यादी वाटून घेता येते. त्याऐवजी भूशास्त्रीय नकाशा देऊन विचारा: ‘या चार जागांपैकी धरणासाठी सर्वांत वाईट कोणती?’ आता निकष लावावे लागतात, वाद होतो, एका निर्णयावर यावं लागतं. प्रश्न सगळ्या टीमना तोच हवा, नाहीतर दुसऱ्यांचं उत्तर ऐकण्यात कुणालाच रस नसतो. अ, ब, क, ड अशी कार्डं एकाच क्षणी वर करायला लावा. एकेक टीमला विचारत गेलात तर मागच्या टीम पुढच्यांना पाहून उत्तर बदलतात. कार्डं वर झाल्यावर आपलं मत लगेच सांगायचा मोह आवरा. ‘ब’वाल्यांना ‘क’ का सोडला ते विचारा. सगळ्यांनी एकच कार्ड दाखवलं तर प्रश्न बहुधा सोपा पडला. तेव्हा नकाशात काय बदललं तर निर्णय फिरेल, ते विचारा.

एकट्याच्या चाचणीला अंतिम निकालात खरंखुरं वजन द्या, नाहीतर न वाचता आलेला टीमच्या गुणांवर तरून जातो. सहकाऱ्यांचं मूल्यमापन सत्राच्या मध्यावर गुणांशिवाय करा, म्हणजे सुधारायला वेळ मिळतो. शेवटी गुणांसह: सहा जणांच्या टीममध्ये प्रत्येकाने इतर पाच जणांत ५० गुण वाटायचे, कारणासकट.