ऊसतोड कामगाराला दवाखान्यात अडवलं तर कायद्याचा आधार कसा घ्यायचा

बीडकडची टोळी कारखान्यावर निघते, तेव्हा रेशनकार्ड बहुतेक वेळा घरी म्हाताऱ्यांजवळच राहतं. मग ऐन हंगामात एखादी बाई रक्तस्रावाने कोपीत (फडाजवळच्या झोपडीत) आडवी पडते आणि दवाखान्यात पहिली विचारणा कागदांचीच होते. म्हणून आशाताई आणि कार्यकर्त्यांनी हे काम टोळी निघण्याआधी गावातच उरकावं. आधार, रेशनकार्डाची सगळी पानं आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला यांचे फोटो नवरा-बायको दोघांच्याही मोबाइलमध्ये हवेत, झेरॉक्सचा एक संच प्लास्टिकच्या पिशवीत. मूळ कागद मुकादमाकडे देऊ नका. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, फिटेपर्यंत ते अडकून पडतात.

राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा. योजना फक्त संलग्न रुग्णालयात चालते, त्यामुळे निघण्याआधी १५५३८८ वर फोन करून जवळचं संलग्न रुग्णालय विचारून घ्या.

धर्मादाय, म्हणजे विश्वस्त संस्थेने चालवलेल्या, रुग्णालयाची गोष्ट वेगळी. तिथे १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखीव असतात. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करणं त्यांना बंधनकारक आहे. काउंटरवर हुज्जत घालण्यात वेळ घालवू नका, थेट वैद्यकीय समाजसेवकाला गाठा आणि ‘निर्धन रुग्ण’ म्हणून दाखल्यासह लेखी अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्या. ‘खाट नाही’ असं उत्तर आलं तर तेही लेखी मागा. दिलं नाही तर वेळ, बोलणाऱ्याचं नाव आणि हुद्दा टिपून जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करा. हे सगळं बिल भरायच्या आधी. मुकादमाकडून आणखी उचल घेऊन बिल एकदा भरलं, की सवलत मिळवणं फार अवघड होतं आणि कर्ज पुढच्या हंगामावर चढतं.

वकील लागला तर तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. १५१०० वरही मदत मिळते. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. जोडप्यापैकी बाईच्या नावाने अर्ज करणं सोपं पडतं ते यामुळेच.

गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत फार जपायला हवं. संमतीपत्र वाचून दाखवायला सांगा. त्यावर नेमकी कोणती शस्त्रक्रिया लिहिली आहे ते पाहा, कोऱ्या फॉर्मवर अंगठा नको. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं, की तपासणीसाठी दिलेली संमती गर्भाशय काढायला चालत नाही. जीव वाचवण्यासाठी तातडीची गरज असेल तेवढाच अपवाद. शस्त्रक्रिया होऊन गेली असेल तर केसपेपर, सोनोग्राफी, बायोप्सीचा अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड लेखी अर्ज देऊन मागा. डॉक्टरांनी नोंदी ७२ तासांत द्यायच्या असतात.

पैसे देऊन घेतलेल्या उपचारात हलगर्जी झाली असेल तर ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दावा करता येतो. उपचाराचा खर्च पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आणि स्थलांतरितांसाठी सगळ्यात मोलाची गोष्ट: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही दावा चालतो. म्हणजे शस्त्रक्रिया कोल्हापुरात झाली तरी धारूरच्या बाईला बीडला दाद मागता येते. हंगाम संपून गावी परतल्यावर तारखांसाठी पुन्हा कोल्हापूर गाठावं लागत नाही. फक्त दोन वर्षांची मुदत हंगामाच्या धावपळीत निघून जाऊ शकते, त्यामुळे डिस्चार्जची तारीख पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

उचल बाकी आहे म्हणून मुकादम दवाखान्यातच जाऊ देत नसेल, तर तो वेठबिगारीचा प्रश्न आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या, पण आधी ११२ आणि १०८ ला फोन करून रुग्णाला फडावरून बाहेर काढा.