सनमायक्यावरचे हट्टी डाग: घासायचं कमी, थांबायचं जास्त

आपल्याकडे ओटा बहुतेक ग्रॅनाइटचा असतो, पण ट्रॉलीची दारं, डायनिंग टेबल, मिक्सर ठेवायचं कपाट यांवर सनमायकाच, म्हणजे लॅमिनेटच, असतो. अमेरिकेतल्या भाड्याच्या घरांत तर बऱ्याचदा अख्खा ओटाच लॅमिनेटचा असतो. रेझिनमध्ये (कडक होणाऱ्या चिकट रसायनात) भिजवलेले कागद एकावर एक दाबून लॅमिनेट बनतं आणि वरचा मेलामाइनचा (कडक प्लास्टिकसारखा) थर अगदी पातळ असतो. तारेच्या घासणीने तो खरवडला गेला की चकाकी परत येत नाही, आणि त्या ओरखड्यांत पुढचा डाग आणखी घट्ट बसतो. म्हणून तारेची घासणी आणि भांडी घासायची पावडर दोन्ही लांब ठेवा.

सगळ्यात चिवट डाग हळदीचा. हळदीचा पिवळा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतो. त्यामुळे ओल्या फडक्याने कितीही पुसलं तरी डाग तसाच राहतो. आधी डागावर खोबरेल तेलाचे चार-पाच थेंब टाकून पाच मिनिटं थांबा आणि टिपून घ्या. मग कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून मऊ फडक्याने पुसा. साबण लागताच डाग लालसर झाला तर घाबरू नका. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात ना, तोच प्रकार इथे घडतो. साधं पाणी फिरवलं की पुन्हा पिवळा होतो.

उरलेल्या डागासाठी 70 टक्के अल्कोहोलचं पातळ सॅनिटायझर घ्या, जेल नको. गॅस बंद करा, खिडकी उघडा. कापसाचा बोळा भिजवून डागावर दोन मिनिटं ठेवा, मग कडेकडून मधल्या बाजूला पुसा. कापूस पिवळा झाला की बदला, नाहीतर निघालेला रंग पुन्हा तिथेच पसरतो. एक खबरदारी मात्र हवीच: ट्रॉलीची चकचकीत दारं ॲक्रिलिकची असतील तर अल्कोहोलने त्यांवर बारीक तडे जातात. खात्री नसेल तर आधी दाराच्या आतल्या कोपऱ्यात लावून बघा.

एवढं करूनही पिवळी छटा राहिली आणि तिथे ऊन येत असेल तर एक-दोन दिवस नुसतं ऊन लागू द्या. हळद उन्हात फिकी पडते.

चहा-कॉफीच्या कपाच्या गोल डागांना खायचा सोडा पुरतो. दोन चमचे सोड्यात साधारण एक चमचा पाणी घालून दाट लेप करा, दहा मिनिटं ठेवा आणि ओल्या फडक्याने उचलून घ्या. मॅट लॅमिनेटवर जुन्या मऊ टूथब्रशने दहा-पंधरा हलके हात फिरवले तर चालतात, ग्लॉसीवर तेही नको. लोखंडी तव्याच्या गंजाला लिंबाचा रस दोन मिनिटं, मग लगेच धुणं. मार्करची शाई सॅनिटायझरने जाते, स्टिकरचा चिकटा तेलाने.

ब्लीच अगदी शेवटी, तेही पांढऱ्या किंवा फिक्या लॅमिनेटवरच. बोळ्याने लावा, एका मिनिटाच्या वर ठेवू नका, दोनदा पाण्याने पुसा. ते लावण्याआधी लिंबू, व्हिनेगर, सॅनिटायझर सगळं धुऊन टाकलेलं हवं, कारण आम्लाशी ब्लीचचा संबंध आला की विषारी वायू सुटतो आणि अल्कोहोलशी आला तरी घातक रसायनं तयार होतात. टॉयलेट क्लीनर तर सनमायक्याला लावूच नका, त्यातल्या ॲसिडने पृष्ठभागावर कायमचा चट्टा पडतो.

सांधे आणि कडेच्या पट्ट्यांजवळ पाणी ओतू नका, पिळलेलं फडकं वापरा आणि लगेच कोरडं करा. पाणी आत मुरलं की खालचं पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) फुगतं, आणि फुगलेलं बोर्ड पुन्हा बसत नाही. गरम कुकर ठेवून आलेला पांढरा चट्टा किंवा फोड हाही डाग नव्हे, रेझिनच भाजलेलं असतं. त्यावर सोडा-लिंबू घासत बसू नका. तिथे सुताराकडून तेवढा सनमायक्याचा पत्रा बदलून घ्यावा लागतो.