आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला: सोय आणि सौंदर्य

आर्किटेक्चरला आलात की पहिल्याच सत्रात 'आधी सोय की आधी सौंदर्य' हा वाद कानावर पडेल. आकार कामाच्या मागून येतो, असं अमेरिकन वास्तुकार लुई सलिव्हनने १८९६ साली लिहिलं. तेव्हापासून ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर डिझाइन मांडताना, हेच चघळलं जातंय. माझं ऐकाल तर त्यात फार रमू नका. आधी एक जिना मोजा.

आमच्याकडे इंटर्न आला की मी त्याला टेप देऊन जिन्यावर पाठवतो. रायझरची (पायरीच्या उंचीची) दुप्पट अधिक ट्रेड (पाय ठेवायची रुंदी), ही बेरीज ६०० ते ६४० मिमीच्या आसपास आली की पाय सहज पडतो. म्हणजे १५०चा रायझर, ३००चा ट्रेड. फ्रान्सच्या ब्लाँदेल या वास्तुकाराने सतराव्या शतकात हा हिशेब मांडला, तो माणसाच्या चालीवरून. एकच पायरी दीड-दोन सेंटिमीटर उंच झाली, तरी माणूस अडखळतो, कारण पायांना लय सापडलेली असते. 'काय सुरेख जिना आहे' असं म्हणताना आपण बरेचदा या लयीलाच दाद देत असतो. कठड्याची नक्षी नंतर.

रोमचं पँथिऑन पाहा. घुमटाचा व्यास सुमारे ४३ मीटर, सळई एकही नाही. वर जाताना काँक्रीट पातळ होत जातं, त्यातली खडीही हलकी होते. माथ्यावरच्या गोल झरोक्यामुळे तिथलं वजन वाचतं आणि उजेडही येतो. त्यातून पाऊसही आत येतो, म्हणून फरशीला बेमालूम उतार आणि पाणी जायला छिद्रं. फोटोत सगळे झरोका टिपतात, छिद्रांकडे कुणी बघत नाही. मला तीच जास्त आवडतात.

उलट बाजूचं उदाहरण म्हणजे १९५१ साली पूर्ण झालेलं वास्तुकार मीस व्हान डेर रोहे यांचं अमेरिकेतलं फार्न्सवर्थ हाउस. चारही बाजूंनी काच, देखणं यात वादच नाही. पण उन्हाळ्यात आत उकाडा, शेजारच्या नदीला पूर आला की घरात पाणी, आणि मालकीणबाईंशी प्रकरण थेट कोर्टात. तरी ते अभ्यासाच. फक्त प्लॅनवर भाळून थांबू नका.

रेंडरिंग, म्हणजे इमारतीची हुबेहूब चित्रं करणं, शिका, नोकरीला लागतंच. पण डिझाइनची सुरुवात सेक्शनपासून, म्हणजे इमारत उभी कापल्यावर दिसेल त्या चित्रापासून करा. दुपारी तीनचं ऊन कुठवर येतं, गच्चीवरचं पाणी कुठून उतरतं, ती उंच काच पुसायला माणूस उभा कुठे राहणार, हे त्यावर दाखवा. ज्युरीत याचे मार्क फारसे मिळत नाहीत. साइटवर मात्र पहिल्याच आठवड्यात मिस्त्री नेमकं हेच विचारतो.