घरच्या सगळ्यांना घेऊन पिक्चरला जाताय? मग एवढं सांभाळा

फॅमिली पिक्चर दहाबारा जणांनी मिळून थेटरात बघायची मजा घरी टीव्हीवर येत नाही. 2023 च्या जूनअखेरीस 'बाईपण भारी देवा' हा सहा बहिणींचा पिक्चर लागला तेव्हा सगळ्यांनीच बघितलंय, बहिणी-बहिणी, भिशीचे ग्रुप, सोसायटीतल्या काकू नऊवारी नेसून, नथ घालून थेटरात, आणि शेवटी जागेवरच फेर धरून नाचणं. मला ते मनापासून आवडलं. पण असा मोठा ग्रुप नेताना आजूबाजूला तिकीट काढून बसलेल्या बाकीच्यांचाही पिक्चर चांगला झाला पाहिजे, त्यासाठी हे लिहितोय.

मुळात हसताना कंजूषी करू नका. मोठ्याने हसा, टाळ्या वाजवा, त्याने कोणालाच त्रास होत नाही, उलट हशा पसरतो. सांभाळायचं असतं ते त्याच्या पुढचं. या पिक्चरमध्ये आत्ता हसवतात आणि लगेच पुढच्या सीनला सहा बहिणींतली कोणीतरी वर्षानुवर्षं मनात ठेवलेलं बोलून टाकते, आणि अख्खं थेटर चिडीचूप होतं. नेमकं तेव्हाच मागून "अगं आपली सुमनमावशी अशीच आहे ना" असं आलं की समोरच्या रांगेत डोळे पुसणारीचा सीन गेला, आणि तो काही परत लावत नाहीत. म्हणून हसून झालं की दोन सेकंद थांबायचं, काय चाललंय बघायचं आणि मावशीचं इंटरव्हलला बोलायचं.

आजीआजोबा बरोबर असतील तर खरी तयारी घरीच करा. कमी ऐकू येणारं माणूस "ही कोण गं?" विचारणारच, त्यात त्यांची काही चूक नाही. निघायच्या आधी चहा पिता पिता त्यांना ट्रेलर दाखवा, फोटो दाखवून ही थोरली, ही धाकटी, हिचं आणि हिचं पटत नाही, एवढं सांगून ठेवा. सहा बायका एकदम पडद्यावर आल्या की चांगले कान असलेल्याचाही गोंधळ होतो. तरी विचारलंच तर "शूऽऽ" करू नका, त्याने म्हातारं माणूस अवघडून जातं, कानाशी वाकून दोन शब्दांत सांगा. त्यांची सीट कडेची घ्या, म्हणजे बाथरूमला जाताना दहा जणांचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत.

लहान बाळ असेल तर तीही सीट कडेचीच आणि दाराजवळची. बाळ रडलं की "होईल आत्ता शांत" म्हणून बसून राहू नका, पहिल्या सुरालाच उचलून बाहेर लॉबीत न्या, पॅसेजमध्ये उभं राहून जोजवलं तरी मागच्यांना पडदा दिसत नाही. आणि हे काम दर वेळी आईच्याच गळ्यात टाकू नका, बाबा आणि मामाने पाळी लावून घ्या. बाळाचं खाणं न्यायला संकोच करू नका, बाहेरचं खाणं अडवायचा थेटरवाल्यांना हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2023 मध्ये म्हटलं, पण तान्ह्या बाळासाठीचं बेताचं खाणं नेऊ द्यायचं आणि प्यायचं पाणी फुकट द्यायचं हेही त्याच वेळी सांगितलंय.

वेफर्सचं पाकीट गाणं चालू असताना फोडा, शांत सीनमध्ये तो चुर्र आवाज चार रांगा जातो.

फोन नुसता सायलेंट करून भागत नाही. अंधारात स्क्रीनचा उजेड मागच्या सगळ्यांच्या डोळ्यात जातो, स्मार्टवॉचचा पण, हात हलला की पेटतं ते, थेटर मोड लावून टाका. उशीर झालाच तर टॉर्च खाली पायाशी धरा, लोकांच्या तोंडावर नाही, आणि सगळ्यांचे सीट नंबर एकाने बाहेरच वाचून सांगा म्हणजे आत "इकडे ये, अरे इकडे" होत नाही. रील करायचीच असेल तर इंटरव्हलला किंवा बाहेर पोस्टरपाशी करा. पडद्याचं रेकॉर्डिंग करणं हा गुन्हा आहे, 2023 च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीनंतर त्याला 3 महिने ते 3 वर्षं कैद आणि कमीत कमी 3 लाख दंड आहे, स्टेटससाठीची छोटी क्लिप पण काढू नका.

नाचायचं असेल तर शेवटच्या गाण्याला, पडद्यासमोरच्या मोकळ्या जागेत किंवा आपल्या रांगेत, पण मागे कोणी अजून बसून बघत असेल तर बाजूला सरकून. आणि निघताना पॉपकॉर्नचे डबे उचलून बाहेरच्या डस्टबिनमध्ये टाका, दोन शोच्या मधे साफसफाईवाल्या मावशींना फार थोडा वेळ मिळतो. बाहेर पुढच्या शोची माणसं उभी असतात, शेवटी काय होतं ते जिन्यावर मोठ्याने बोलू नका, गाडीत बसल्यावर बोला.