चार एअरलाईन, तीन तिकिटं, आणि बॅगा तरी वेळेवर

मागच्या ट्रिपला आमच्या चार वेगवेगळ्या एअरलाईन होत्या, तिकिटं तीन, आणि सोबत आई, जिला फार चालवत नाही. ज्याला ज्याला सांगितलं त्याने कपाळाला हात लावला, अगं एकाच कंपनीचं घे ना सरळ, कशाला डोक्याला ताप. मलाही धाकधूक होतीच, खोटं कशाला बोलू. पण झालं असं की एक फ्लाइट दीड तास लेट होऊनसुद्धा काही बिघडलं नाही, दोन्ही बॅगा आल्या, कुठे पळापळ नाही, आई तर मधल्या एअरपोर्टवर मस्त झोपली. नशीब थोडंफार असेलच, पण बरंचसं काम निघायच्या आधी दोन-तीन संध्याकाळी बसून केलेल्या किचकट तपासणीचं होतं, तर ते सगळं इथे लिहून ठेवते.

पहिली गोष्ट, विमानं किती आणि कोणाची हे मोजत बसू नका, तिकिटं किती ते मोजा. एकाच तिकिटावर तीन एअरलाईन असल्या तरी त्यांचा आपसात करार असतो (याला इंटरलाईन म्हणतात), त्यामुळे पहिली लेट होऊन दुसरी चुकली तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी त्यांची. तेच तुम्ही स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं घेतली, तर दुसऱ्या एअरलाईनला तुम्ही पहिल्या विमानात अडकलाय हे माहीतच नसतं, तिच्या लेखी तुम्ही नो-शो, म्हणजे आलाच नाहीत, विषय संपला. आणि नो-शो झालं की त्याच तिकिटावरचे पुढचे सगळे टप्पे, अगदी परतीचासुद्धा, बहुतेक ठिकाणी आपोआप कॅन्सल होतात. हे लोकांना परत येताना काउंटरवर कळतं.

आता आपलं तिकीट एक आहे की दोन हे कसं ओळखायचं? पीएनआर बघून नेहमी कळत नाही. काही बुकिंग साइट दोन वेगळी तिकिटं एकत्र विकतात आणि वर स्वतःचा एकच नंबर देतात, खाली कुठेतरी बारीक अक्षरात सेल्फ ट्रान्सफर (म्हणजे मधलं विमान बदलणं तुमच्या जबाबदारीवर) लिहिलेलं असतं. त्यापेक्षा ई-तिकिटाचा नंबर बघा, तो १३ आकडी असतो आणि त्यातले पहिले तीन आकडे म्हणजे तिकीट देणाऱ्या एअरलाईनचा कोड. सगळ्या फ्लाइटसमोर तोच नंबर असेल, किंवा टप्पे जास्त असतील तर पाठोपाठचे नंबर असतील, तर तिकीट एक. पहिले तीन आकडेच वेगळे दिसले तर ती वेगळी तिकिटं समजा आणि पुढचं सगळं प्लॅनिंग त्या हिशोबाने करा.

कोडशेअरचा घोळ वेगळाच. तिकिटावर एका एअरलाईनचं नाव आणि प्रत्यक्ष विमान दुसरीचं, खाली 'ऑपरेटेड बाय' अशी एक ओळ असते, ती कोणी वाचत नाही आणि मग माणूस चुकीच्या टर्मिनलला जाऊन उभा राहतो. चेक-इन जिचं विमान असेल तिच्याकडे करायचं असतं. शिवाय त्या दुसऱ्या एअरलाईनच्या सिस्टीममध्ये तुमचा पीएनआर बऱ्याचदा वेगळा असतो, त्यामुळे तिच्या साइटवर आपला नंबर टाकला की 'बुकिंग सापडत नाही' येतं आणि पोटात गोळा येतो. घाबरायचं काम नाही, ज्यांनी तिकीट दिलंय त्यांच्या कस्टमर केअरला विचारलं की दुसरा नंबर देतात. तो मिळाल्यावर सीट आणि जेवणाची रिक्वेस्ट तिकडे पोचलीये का तेवढं बघून घ्या, आमच्या एका टप्प्याला पोचली नव्हती.

अलायन्सबद्दल एक गैरसमज आहे. स्टार अलायन्स, वनवर्ल्ड, स्कायटीम हे एअरलाईनचे गट, आणि दोन्ही एअरलाईन एकाच अलायन्समधल्या आहेत म्हणजे वेगळ्या तिकिटांवरही बॅग थेट जाईल असं लोक धरून चालतात. तसं नसतं. एका तिकिटावर जाते, वेगळ्या तिकिटांवर प्रत्येक एअरलाईनची आपापली पॉलिसी, काही करतात, काही साफ नाही म्हणतात. त्यामुळे आधी विचारा आणि उत्तर मिळालं तरी काउंटरवर टॅग बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

मधला वेळ किती ठेवायचा? एका तिकिटावर सिस्टीम त्या एअरपोर्टच्या मिनिमम कनेक्शन टाइमपेक्षा कमी वेळेचं तिकीट सहसा देत नाही. पण तो आकडा म्हणजे सगळं वेळेवर असेल तर जमेल इतपतच असतो, व्हिएन्नाला तर तो २५ मिनिटं आहे, आता २५ मिनिटांत माझी आई विमानातून बाहेरसुद्धा आली नसती. मी एका तिकिटावर कमीत कमी दोन तास बघते. वेगळ्या तिकिटांवर पाच-सहा तास, आणि पुढची फ्लाइट दिवसातली शेवटची असेल तर सरळ एक रात्र तिथे मुक्काम. आमच्याकडे सात तास होते, सगळे हसले होते, पण दीड तास लेट झाल्यावर बॅगा घेणे, परत चेक-इन, परत सिक्युरिटी हे सगळं करूनसुद्धा बसून चहा प्यायला वेळ उरला.

दोन बारीक सापळे इथेच सांगते. एक म्हणजे शहर तेच पण एअरपोर्ट वेगळा. लंडनला हीथ्रोला उतरून गॅटविकवरून निघायचं, टोकियोला नारिता आणि हानेदा, इस्तंबूलला नवा एअरपोर्ट आणि दुसऱ्या बाजूला साबिहा गोकचेन, पॅरिसला शार्ल द गॉल आणि ओर्ली. स्वस्त कॉम्बिनेशनमध्ये हे हमखास येतं, म्हणून शहराचं नाव न वाचता तीन अक्षरी कोड वाचा. दुसरा सापळा तारखेचा. तिकिटावरच्या वेळा सगळ्या त्या त्या ठिकाणच्या असतात, आणि १५ तारखेची रात्री १२:३० ची फ्लाइट म्हणजे एअरपोर्टला १४ च्या संध्याकाळी पोचायचं असतं. त्यात युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात, त्या आठवड्यात प्रवास असेल तर घरातल्यांना मनातल्या मनात हिशोब करून वेळ सांगू नका.

आता व्हिसा, इथे मात्र नीट थांबा कारण सगळ्यात महाग चूक इथेच होते. एका तिकिटावर बॅग पुढे जाते आणि तुम्ही ट्रान्झिट एरियात (इमिग्रेशन न करता थांबायच्या भागात) राहता, त्यामुळे बऱ्याच देशांत मधला व्हिसा लागत नाही. वेगळ्या तिकिटांवर बहुतेक वेळा बॅग घ्यायला बाहेर यावं लागतं, बाहेर यायचं म्हणजे इमिग्रेशन, आणि इमिग्रेशन म्हणजे त्या देशात प्रवेश, मग तुम्ही तिथे दोनच तास का असेना. व्हिसा लागत असेल आणि तुमच्याकडे तो नसेल तर पहिली एअरलाईन तुम्हाला विमानात चढूच देणार नाही.

अमेरिकेत तर ट्रान्झिट एरिया असा प्रकारच नाही, नुसतं विमान बदलायलाही इमिग्रेशन करावं लागतं, त्यासाठी व्हिसा किंवा त्यांची परवानगी लागते, आणि साधारणपणे पहिल्याच एअरपोर्टवर बॅग पट्ट्यावरून उचलून कस्टम्समधून नेऊन परत द्यावी लागते, टॅग शेवटच्या शहराचा असला तरी. शेंगेनची (युरोपातल्या आपसात सीमा तपासणी नसलेल्या देशांच्या गटाची) गंमत अशी की फ्रँकफर्टला उतरून रोमला जायचं असेल तर इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होतं, रोमला नाही, त्यामुळे फ्रँकफर्टचा वेळ जास्त ठेवा. आणि कोणी तुम्हाला बाहेरून पॅरिस, पॅरिसहून फ्रँकफर्ट आणि तिथून परत शेंगेनबाहेर असा रूट दिला, तर मधली फ्लाइट शेंगेनच्या आतली होते, म्हणजे एकाच तिकिटावर असूनही तुम्हाला शेंगेनमध्ये प्रवेश करावाच लागतो. एजंटलासुद्धा हे कधीकधी सुचत नाही. पासपोर्ट सहा महिने शिल्लक आहे का हे पण बघा, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दरवेळी कोणीतरी अडकतंच.

नाव. तिन्ही तिकिटांवर नाव पासपोर्टमधल्यासारखंच आणि एकसारखं हवं. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे त्यांच्यासाठी एक एअरलाईन नाव दोनदा लिहायला सांगते, दुसरी पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) टाकायला सांगते, त्यामुळे बुकिंगच्या आधी प्रत्येकीचा नियम वाचा, नंतर दुरुस्ती करणं म्हणजे वैताग. तिकिटावर नावाला मिस्टर किंवा मिसेस चिकटून छापलेलं दिसलं तर टेन्शन घेऊ नका, ते असंच छापतात.

सामानाचं वजन हा वेगळाच खेळ. एका तिकिटावर सहसा एकाच एअरलाईनचा नियम पूर्ण प्रवासाला लागतो आणि तो तिकिटावरच छापलेला असतो, 'टू पीसी' म्हणजे दोन बॅगा, 'थर्टी के' म्हणजे एकूण ३० किलो. वेगळ्या तिकिटांवर मात्र प्रत्येकीचा वेगळा, आणि मध्ये एखादी लो-कॉस्ट असेल तर तिच्यात चेक-इन बॅग बऱ्याचदा धरलेलीच नसते. मी एक कागद घेऊन चारही एअरलाईनचे आकडे लिहिले आणि त्यातला सगळ्यात कमी तो आमचा आकडा ठरवला, चेक-इनचाही आणि हँडबॅगचाही. हाच न्याय पॉवर बँकला. ती हँडबॅगेतच ठेवायची, १०० वॅट-अवरपर्यंत चालते (नेहमीची २०,००० एमएएचची साधारण ७४ होते), पण २०२५ पासून काही एअरलाईन ती विमानात वापरूच देत नाहीत, तेव्हा फोन आधीच चार्ज करून घ्या. आणि ड्युटी फ्रीमधून बाटली घेतली तर सीलबंद पिशवी शेवटच्या सिक्युरिटीपर्यंत फोडू नका, १०० मिलीचा नियम पुढच्या एअरपोर्टवर परत लागू शकतो. आमच्या शेजारच्या बाईंचं महागाचं परफ्यूम असंच कचऱ्याच्या डब्यात गेलं, वाईट वाटलं हो.

काउंटरवर बॅग देताना नुसतं "थ्रू जाईल ना?" विचारू नका, मान हलवतात ते. टॅगवर छापलेला शेवटचा एअरपोर्ट कोड स्वतः वाचा. आमच्या दुसऱ्या तिकिटावर दोन टप्पे होते आणि तिथल्या मुलाने घाईत टॅग पहिल्याच टप्प्यापर्यंतचा काढला, मी वाचला म्हणून कळलं, त्याने सॉरी म्हणून लगेच बदलून दिला. टॅगवर दहा आकडी नंबर असतो, त्याचा आणि बॅगेचा फोटो काढून ठेवा. आणि बॅगेवरचे जुने टॅग आणि छोटे बारकोडचे स्टिकर काढून टाका, स्कॅनर जुना बारकोड वाचला की बॅग गोंधळात पडते.

व्हीलचेअरचं पण असंच, एका तिकिटावर सांगितलेलं दुसऱ्या तिकिटाला कळत नाही. मी तिन्ही तिकिटांसाठी वेगवेगळे फोन केले, निघायच्या ४८ तासांहून जास्त आधी, आणि प्रत्येक वेळी विमानाच्या दारापर्यंत हवी की फक्त टर्मिनलमध्ये हे स्पष्ट सांगितलं. आईला आधी लाज वाटत होती, पहिल्या एअरपोर्टवर रांग न लावता पुढे गेल्यावर लाज गेली.

तरीही काही बिघडलंच तर. बॅग नाही आली तर एअरपोर्टच्या बाहेर पडायच्या आधी बॅगेज डेस्कला रिपोर्ट करा आणि रेफरन्स नंबर घ्या, आणि तक्रार ज्या एअरलाईनने शेवटी आणलं तिच्याकडे. १९९९ च्या माँट्रियल करारात मुदती ठरलेल्या आहेत, बॅग फाटली-तुटली असेल तर मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार, उशिरा मिळाली असेल तर २१ दिवसांत. भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर आहे (हे आयएमएफचं हिशोबाचं एकक), म्हणून दागिने आणि लॅपटॉप हँडबॅगेतच. युरोपियन युनियनमधल्या एअरपोर्टवरून निघालात तर एअरलाईन कुठलीही असो, शेवटच्या ठिकाणी तीन तास किंवा जास्त उशीर झाला आणि चूक एअरलाईनची असली तर अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो मागता येतात. यातही परत तेच, एकाच बुकिंगवर असाल तर शेवटचं ठिकाण धरतात, वेगळ्या तिकिटांवर प्रत्येक तिकीट स्वतंत्र धरतात. इन्शुरन्स घेताना 'मिस्ड कनेक्शन' वेगळ्या तिकिटांना लागू आहे का ते वाचा, बऱ्याच पॉलिसीत नसतं.

बाकी एक फोल्डर करा फोनमध्ये, त्यात सगळी तिकिटं, दोन्ही प्रकारचे पीएनआर, व्हिसा, हॉटेल, आणि तेच कागदावर प्रिंट करून, कारण उतरल्या उतरल्या वायफायला ओटीपी लागतो आणि ओटीपी यायला नेटवर्क. मी प्रिंट काढले तेव्हा आई म्हणाली एवढे कागद कशाला, आणि शेवटच्या इमिग्रेशनला ऑफिसरने परतीचं तिकीट मागितलं तेव्हा माझा फोन बंद पडलेला होता आणि कागद तिच्या पर्समध्ये होते.