अडकलेले नट, थापेबाजी आणि मिळेल ती नोकरी : नाशकात मूक कॉमेडी कशी शूट करायची

स्टोरी एकदम सोपी घ्या. फिरती नाटक कंपनी, मॅनेजर गल्ला घेऊन पसार, चार नट ट्रंकांसकट महामार्ग स्टँडवर बसलेत, परतीच्या तिकिटाचेही पैसे नाहीत, मग जो काम देईल त्याच्यापुढे "येतं की!" अशी मान डोलवून घुसायचं. बस, बॅकस्टोरी नको.

खरी मेहनत गॅगमध्ये, म्हणजे हसवणाऱ्या करामतीत. काम बिघडवायचं पण कसंही नाही, तो नट स्टेजवर जो रोल करायचा त्याच्याच सवयीने बिघडलं पाहिजे. समजा कंस करणारा मखमलाबादकडे द्राक्षबागेत विरळणीला लागला. शेजारच्या मावशी घडातले नको ते मणी पटापट टिपतायत, हा तिरक्या नजरेने बघतो, कात्री तलवारीसारखी उपसतो आणि कच्चकन अख्खा घडच हातात. आता पळायचं नाही! घड परत देठाला चिकटवायचा प्रयत्न करायचा, अगदी गंभीर चेहऱ्याने, आणि मागे मालक येऊन उभा. नटाच्या आधी प्रेक्षकाला मालक दिसला पाहिजे, म्हणून वाइड शॉटच ठेवा, क्लोजअप मारलात की मजा गेली. (खरा घड कापणार असाल तर बागवाल्याशी आधी बोला, तो अजिबात हसणार नाही.)

मिसळीच्या हॉटेलात नारद वेटर, एका हातात रश्शाचं भांडं, दुसऱ्या हाताची चिपळी काही थांबत नाही, पुढचं तुम्हाला सुचेलच.

थापेबाजी तशी आपल्या सिनेमाइतकीच जुनी आहे. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी सिनेमात काम करतो म्हटलं की लोक नावं ठेवायचे, म्हणून दादासाहेब फाळक्यांनी नटांना सांगितलेलं की हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असं सांगा. आणि तारामती झालेले साळुंके आधी हॉटेलात कामाला होते, म्हणजे आपल्या स्टोरीच्या बरोब्बर उलटं!

टेक्निकल फार नाही. मोबाईलवर 24 फ्रेमने शूट करा, पळापळीचे सीन एडिटमध्ये 1.3 पट फास्ट, बाकीचे नॉर्मल. तेव्हाचे कॅमेरे हाताने फिरवायचे, बरेचदा सेकंदाला 16-18 फ्रेम, तेच पुढे जास्त स्पीडने दाखवलं की माणसं तुरुतुरु पळतात. पाट्या (शॉटच्या मधे येणारा लिहिलेला मजकूर) कमीत कमी, जोक पाटीवर लिहायचाच नाही, आणि सावकाश दोनदा वाचून होईल एवढा वेळ पाटी ठेवा.

म्युझिक लावायच्या आधी पहिला कट म्यूटवर अशा माणसाला दाखवा ज्याला स्टोरी माहीत नाही, तुम्ही मात्र गप्प बसा. "हा कोण आता?" असं जिथे विचारेल तिथे एक शॉट कमी पडलाय, तेवढाच परत शूट करा.