फ्रिजमधून गरम पाणी येत नाही? बोर्ड बदलण्याआधी करायची तयारी

काही फ्रिज दारातल्या नळातून गरम पाणीही देतात. ते बंद झालं की पहिला संशय बोर्डावर, म्हणजे फ्रिज चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटवर जातो. पण हीटर, थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर), थर्मल कटआउट (जास्त तापल्यावर वीज तोडणारा सुरक्षा स्विच), दाराच्या बिजागरीतून जाणारी वायरिंग आणि पाणी येण्याचा मार्ग यांपैकी काहीही बिघडलं, तरी बाहेरून लक्षण एकच दिसतं. या प्रत्येकाचं मोजमाप हाती आल्याशिवाय महागडा बोर्ड मागवू नये. त्यासाठीची तयारी फ्रिज उघडण्याआधीच करून ठेवा.

आधी कागद. मॉडेल नंबरचा पूर्ण स्टिकर, प्रत्ययासकट, फोटोत घ्या. सर्किट डायग्राम आणि एरर कोडची तांत्रिक पत्रिका बऱ्याचदा फ्रिजमध्येच असते. खालच्या जाळीमागे, वरच्या बिजागरीच्या झाकणाखाली किंवा मागच्या बोर्डाच्या कव्हरमध्ये शोधा. प्लग काढण्यापूर्वी डिस्प्लेवरचा कोड लिहून घ्या, कारण काही मॉडेलांमध्ये वीज गेली की तो पुसला जातो. चाइल्ड लॉक चालू नाही ना, फिल्टर नीट बसलाय ना आणि थंड पाणी नेहमीच्या धारेने येतंय ना, हेही त्याच वेळी पाहा. टाकीत पाणी नसेल तर हीटर कोरडा तापू नये म्हणून कंट्रोल त्याला वीजच देत नाही. तो दोष नसून संरक्षण आहे.

साधनांमध्ये किमान कॅट 3 सुरक्षा दर्जाचा मल्टीमीटर (व्होल्ट आणि ओहम मोजणारा मीटर), बारीक टोकाचे प्रोब, अन्नासाठीचा डिजिटल थर्मामीटर, प्लॅस्टिकची पट्टी, बॅटरी आणि फोटो काढायला फोन एवढं पुरतं. बोर्ड हाताळायचा असेल तर अँटिस्टॅटिक पट्टा हवा, पण तो प्लग काढलेला असतानाच घाला.

प्लग काढल्यावर निदान पाच मिनिटं थांबा. इन्व्हर्टर असलेल्या फ्रिजमध्ये 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर मोठ्या कॅपॅसिटरमध्ये (वीज साठवून ठेवणाऱ्या भागात) सव्वातीनशे व्होल्ट डीसीपर्यंत साठा असतो, म्हणून तो उतरल्याची मीटरने खात्री करूनच हात घाला. काही बोर्डांमध्ये 5 आणि 12 व्होल्टची बाजूही मेन सप्लायपासून वेगळी केलेली नसते. ‘कमी व्होल्टेज आहे’ म्हणून चालू बोर्डाला हात लावणं जिवावर बेतू शकतं.

हीटरचा रोध (विजेला होणारा विरोध, ओहममध्ये) किती यायला हवा ते आधीच काढून ठेवा. व्होल्टेजच्या वर्गाला वॅटने भागायचं. 230 व्होल्ट, 500 वॅटचा हीटर असेल तर सुमारे 106 ओहम. अनंत आला तर एलिमेंट, म्हणजे आतली तापणारी तार तुटलीय. मेगरने (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) विजेची गळती तपासायची तर हीटर बोर्डापासून सोडवूनच, नाहीतर मेगर बोर्डालाच मारेल. थर्मल कटआउट उघडा सापडला तर केवळ नवा टाकून मोकळे होऊ नका. तो का उडाला हे शोधावंच लागतं. हीटरवर क्षारांचा थर, चिकटलेला रिले (बोर्डाच्या हुकुमाने हीटर चालू-बंद करणारा स्विच) किंवा तापमान चुकीचं सांगणारा सेन्सर, ही नेहमीची कारणं.

सेन्सरवर सर्वांत जास्त वेळ द्या. यात बहुधा एनटीसी थर्मिस्टर असतो, म्हणजे तापमान वाढलं की रोध घटतो. त्या मॉडेलचा तक्ता मिळवाच. उदाहरणार्थ, 25 अंशांना 10 किलोओहमचा थर्मिस्टर 0 अंशांना 28 ते 34 किलोओहम, तर 80 अंशांना जेमतेम दीड किलोओहम दाखवतो. आता कनेक्टरवर गंज चढून 500 ओहमची भर पडली, तर बर्फाच्या पाण्यातल्या चाचणीत ती लक्षातही येणार नाही. गरम टाकीत मात्र बोर्डाला पाणी दहाएक अंशांनी थंड भासतं, तो हीटर चालूच ठेवतो आणि शेवटी कटआउट उडतो. म्हणून गरम पाणी थोडं तरी येत असेल तर कपात काढून तापमान नोंदवा, प्लग काढा आणि कॅपॅसिटर उतरले की बोर्डाच्या बाजूच्या कनेक्टरवर, हार्नेससकट (सेन्सरपर्यंतच्या वायरींसकट), रोध मोजा. मोजताना दार सावकाश उघडा आणि मिटा. आकड्याने उडी मारली, तर बिजागरीतली वायर आतून तुटत आलेली आहे.

मग बोर्ड. रिलेची टिकटिक ऐकू आली म्हणजे संपर्क जुळलाच असं नाही. हीटर जोडलेला असताना आणि रिले चालू असताना संपर्कांच्या दोन टोकांमध्ये जवळपास शून्य व्होल्ट हवेत. पूर्ण पुरवठा दिसला तर संपर्क जळालेत किंवा रिलेला हुकूमच मिळत नाही. रिलेच्या कॉइलवरचे व्होल्ट मोजले की दोन्हींतला फरक कळतो. रिलेऐवजी ट्रायॅक (इलेक्ट्रॉनिक स्विच) असेल तर हीटर सोडवून मोजू नका. त्याच्या किंचित गळतीमुळे बंद अवस्थेतही मीटर व्होल्टेज दाखवतो. चालू फ्रिजवरची ही मोजणी प्रशिक्षित हातांनीच करावी. डिस्प्ले बोर्डाकडे जाणारे 5 किंवा 12 व्होल्ट, तिथल्या कनेक्टरवरचा हिरवा गंज आणि रिलेखालची तडकलेली सोल्डरिंग भिंगातून पाहा.

एवढ्यावरही दोष बोर्डातच निघाला, तर मागवताना जुन्या बोर्डावरचा पार्ट नंबर आवृत्तीसह द्या आणि नव्याला मॉडेल कोड भरावा लागतो का ते विचारून घ्या. तो भरला नाही तर काही बोर्ड गरम पाण्याची सोय चालूच करत नाहीत.